लहान मंडळी, लांब यादी

नवं वर्ष लागलं की पंच कमिटीची बैठक बसते आणि कागदावर यादी चढू लागते. संजीवन सभा, तरुणांचं शिबिर, चौकात सुवार्ता, शब्बाथ शाळेला नवी पुस्तकं, चर्चचं कंपाउंड, साउंड सिस्टिम, आजूबाजूच्या दहा गावांत भेटी. यादी करणारी माणसं पाच, राबवणारीही तीच पाच, आणि त्यांतल्या तिघांची धानाची शेती. जूनमध्ये पऱ्हे टाकायची वेळ येते तेव्हा यादीतली दोन कामं अर्धवट झालेली असतात आणि पाचही माणसं दमलेली असतात. पुढच्या जानेवारीत तीच यादी पुन्हा लिहिली जाते, फक्त साउंड सिस्टिमची किंमत वाढलेली असते.

हा लेख भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीसारख्या तालुक्याच्या गावातल्या लहान मंडळीसाठी आहे. जेमतेम वीस-पंचवीस घरं, अर्धवेळ येणारा पाळक, दानार्पणात जमणारे थोडे पैसे. चर्च सीएनआयचं असो, कॅथलिक असो की कुणाच्या पडवीत भरणारं असो, अडचण सगळ्यांची सारखीच आहे.

मला वाटतं, या यादीचं मूळ जुनं आहे. भंडाऱ्यात स्कॉटिश मिशनचं काम 1880 च्या दशकात सुरू झालं. त्याआधी मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले होते. त्यांच्या नावाचं कॉलेज आजही तिथे उभं आहे. मिशनच्या काळात दवाखाना, शाळा, वसतिगृह आणि गावोगाव फिरणारे पगारी प्रचारक असत. पैसा बाहेरून येई आणि कामाला माणसं नेमलेली असत. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे सीएनआयची, स्थापना झाली आणि कारभार पूर्णपणे आपल्या हाती आला. पगारी माणसं गेली, बाहेरचा पैसा आटला. कामांची यादी मात्र मिशनच्या मापाचीच राहिली. ती आज तीन शेतकऱ्यांनी आणि दोन शिक्षकांनी उचलावी अशी अपेक्षा धरायची आणि ती उचलली नाही म्हणून रविवारी त्यांनाच उपदेश करायचा, हे बरं नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी. वर्षाला दोनच कामं घ्या: सगळ्या मंडळीनं मिळून एक शुभवर्तमान वाचायचं, आणि शेजारच्या आजारी माणसाला दवाखान्यापर्यंत पोचवायचं. बाकीची यादी दोन वर्षं कपाटात ठेवा. काही बुडत नाही.

आधी वेळापत्रकाचं बोलू, कारण चांगली कामंही बहुतेक तिथेच मरतात. भंडाऱ्यात माणसाचा वेळ धानाच्या हातात असतो. जुलै-ऑगस्टात रोवणी. या दिवसांत बाया सकाळी अंधारात निघतात आणि संध्याकाळी चिखलात पाय भरून परततात. त्यांना बुधवारच्या प्रार्थनेला का आला नाहीत, असं विचारू नये. दिवाळीच्या आसपास कापणी लागते, मग पुंजणे, चुरणे आणि आधारभूत केंद्रावरची रांग. नाताळ येतो तेव्हा कुठे हात मोकळे होतात. पाणी असलेल्या बांध्यांत जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी धान लागतो, पण पाणी सगळ्यांकडे नसतं. म्हणजे मंडळीसाठी खरा मोकळा काळ जानेवारी ते मार्च. तो आमच्याकडे नाटकांचाही काळ. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या झाडीपट्टीभर फिरत असतात आणि शंकरपट असला की त्या गावात त्या रात्री नाटक हमखास. ज्या रात्री गावात नाटक त्या रात्री प्रार्थनासभा ठेवून माणसं मोजायची आणि विश्वास कमी झाला म्हणून हळहळायचं, हा प्रकार थांबवा. नाटकाच्या तारखा आधीच लागतात. त्या बघून आपल्या तारखा ठरवा. आणि जमलं तर नाताळाचा देखावा दंडारीच्या ढंगात, आपल्या बोलीत करा. मेंढपाळांनी पुस्तकी भाषेत बोलायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही.

आता वाचन. मार्कचं शुभवर्तमान घ्या. चार शुभवर्तमानांमध्ये ते सगळ्यात लहान, सोळा अध्यायांचं, आणि त्यात घडामोड जास्त, भाषण कमी. पहिला अध्याय नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी सुरू करा आणि शेवटचा ईस्टरला संपवा. घरोघरी आळीपाळीनं बसायचं, रविवारी संध्याकाळी, एका तासापेक्षा जास्त नाही. चहा ठेवायचा पण नाश्ता नाही. एकदा नाश्ता सुरू झाला की दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी आलूबोंडे, आणि चौथं घर परवडत नाही म्हणून सभा नको म्हणतं.

कशी चालवायची? अध्याय दोनदा वाचायचा. एकदा ज्याला नीट वाचता येतं त्यानं, दुसऱ्यांदा शाळेत जाणाऱ्या मुलीनं किंवा मुलानं. ज्या आजीला अक्षर येत नाही तिला या दोन वाचनांत अध्याय पाठ होतो, हे मी पाहिलं आहे. तिची स्मरणशक्ती आपल्यासारखी वापराविना गंजलेली नसते. भाषांतर कोणतं, यावर भांडण नको. बायबल सोसायटीचं घरात असतंच. पंडिता रमाबाईंनी केदगावच्या मुक्ती मिशनमध्ये केलेलं भाषांतर 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापून झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत आहे आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळालेला आहे. एखादं वाक्य अडलं की दोन भाषांतरं शेजारी ठेवून पाहायची.

मग तीन प्रश्न, दरवेळी तेच. इथे काय घडलं? कोणाला काय वाटलं असेल? आपल्या गावात हे घडलं असतं तर? पाळकानं पहिला अर्धा तास बोलायचं नाही. हे सगळ्यात कठीण आहे, मला माहीत आहे. पण पाळक बोलू लागला की बाकीचे ऐकण्याच्या सवयीत जातात, आणि ही सवय मोडण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

अशाच एका वाचनात चौथा अध्याय चालू होता, पेरणाऱ्याचा दाखला. एका शेतकऱ्यानं विचारलं, “रस्त्यावर बी टाकणारा हा कसला शेतकरी?” सगळे हसले. कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, “आवत्या टाकाले गेलं त दोन दाणे धुऱ्यावर पडतेच ना जी.” पुढे रोवणी आणि आवत्या यांत बियाणं किती वाया जातं, त्यावर दहा मिनिटं गेली आणि मग कुणीतरी विचारलं की वाया जाणार हे माहीत असून तो टाकतो कशाला. दाखल्याचा गाभा त्या पडवीत शेतकऱ्यांनी आपला आपण गाठला. पाळकानं ते सांगितलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन विसरले असते. त्याच अध्यायात पुढे बी आपोआप उगवतं, शेतकरी झोपतो-उठतो तरी ते वाढतं, असा छोटा दाखला आहे. तो फक्त मार्कमध्येच आहे. मंडळीची वाढ मोजायची घाई झालेल्या पंचांनी तो जरा हळू वाचावा.

मंडळीतली मुलं नागपूर, पुणे, हैदराबादला गेलेली असतात. त्यांच्यासाठी वेगळं काही काढू नका. तोच अध्याय गावातल्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. आईच्या आवाजातला मार्क आठवडी बोधवचनांच्या चित्रांपेक्षा जास्त ऐकला जातो.

दुसरं काम या वाचनातूनच निघतं. पहिल्या अध्यायाच्या शेवटी एक कुष्ठरोगी येशूकडे येतो आणि येशू त्याला हात लावतो. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला चार माणसं एका पक्षाघात झालेल्याला खाटेवर घालून आणतात, गर्दीमुळे दार मिळत नाही म्हणून छप्पर उघडतात. जानेवारीच्या पहिल्या दोन रविवारी हे वाचलं की तिसऱ्या आठवड्याला करायचं काम समोर येतं. चौघांनी मिळून एकाला न्यायचं. लाखनीत त्यासाठी ग्रामीण रुग्णालय आहे, महामार्ग आहे, भंडारा वीसेक किलोमीटरवर आहे. अडतं ते सोबत जाणाऱ्या माणसावाचून.

आमच्या भागात तीन आजार नीट समजून घेण्यासारखे आहेत. पहिला कुष्ठरोग. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, आणि त्या जागी स्पर्श कळत नाही, टोचलेलं समजत नाही. असा चट्टा दिसला की आरोग्य केंद्रात जायचं. औषध मोफत आहे, प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर चालतं, आणि उपचार सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका लवकरच संपतो. इथे मंडळीला एक वेगळी जबाबदारी आहे. आपण उपदेशात कुष्ठरोगाला पापाचं चित्र म्हणून सर्रास वापरतो. समोरच्या बाकावर चट्टा लपवून बसलेल्या माणसाला ते कसं ऐकू येत असेल, याचा विचार करा आणि ते बंद करा.

दुसरा सिकलसेल. पूर्व विदर्भात तो आदिवासी आणि इतर अनेक समाजांत आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणी मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, म्हणून कळत नाही. रक्ताची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. लग्नाआधी पाळक जोडप्याला बसवून चार गोष्टी सांगतात, त्यात ही तपासणी पाचवी म्हणून घाला. दोघे वाहक निघाले तरी लग्न मोडायला सांगू नये. डॉक्टरांशी बोलून, समजून-उमजून निर्णय घेऊ द्यावा.

तिसरा आजार नव्हे, पण रोवणी-कापणीत तोच सगळ्यात जास्त भीती घालतो: सर्पदंश. प्रार्थना करा, जरूर करा, पण गाडीत बसून करा. दवाखान्याच्या वाटेवर. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचार घेण्यापासून रोखणं हा गुन्हा आहे, आणि तो मांत्रिकाला लागू आहे तसा पाळकालाही. आजाऱ्यावर हात ठेवून ‘आता गोळ्या बंद कर’ म्हणणारे फिरते उपदेशक आमच्याकडेही येऊन जातात. त्यांना मंच देऊ नका. मार्कमधले ते चौघे आपल्या मित्राला घरी ठेवून प्रार्थना करत बसले नाहीत.

ही मदत कुणाला? पहिल्यांदा शेजाऱ्याला, तो कोणत्याही धर्माचा असो. आणि त्या बदल्यात काही मागायचं नाही. ना रविवारी येण्याचं आमंत्रण, ना खिशात पत्रक. त्याला विचारायचं असेल तर तो विचारेल. विचारलं तर सरळ उत्तर द्यायचं, लपवायचं नाही. एवढंच.

यावर काही जण म्हणतील, मग सुवार्ता कुठे गेली? त्यांच्यासाठी एक गोष्ट, आणि तीही आपल्या जिल्ह्यातून गेलेल्या गाडीतली. 1893 च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं चालले होते. ही गाडी वरठी, तुमसर, गोंदिया असा आपला सगळा पट्टा ओलांडून जाते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. दोघांचं धर्मावर बोलणं झालं आणि त्या माणसानं टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. ना सभा, ना कर्णे. त्या प्रवाशाचं नाव टिळकांना पुढेही कळलं नाही. टिळकांनी प्रत वाचली, डोंगरावरच्या प्रवचनाशी थांबले, तपासलं, वाद घातला, आणि बाप्तिस्मा घेतला तो 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत. मधल्या काळात कुणी घाई केली असती तर मराठीला टिळकांची भजनं मिळाली नसती. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडून पाहा, त्यांची पदं किती आहेत ते.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याबरोबर नव्हत्या. घर फुटलं, साडेचार-पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत येऊन, 1900 मध्ये. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना त्या घराची ओढाताण माहीत आहे. तेव्हा कुणी एकटा माणूस मंडळीकडे आला तर त्याच्या घराचा विचार आधी करा. बायकोला, आईला माहीत आहे का, हे विचारा. महिने लागू द्या, वर्षं लागू द्या. लपूनछपून काही करायचं नाही, आणि अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तर पालकांच्या परवानगीशिवाय शब्बाथ शाळेच्या चटईवरही बसवायचं नाही. मुलांच्या वर्गात नेहमी दोन मोठी माणसं हवीत, एकटं कुणी नाही. दार उघडं हवं.

लाखनीच्या शेजाऱ्यांविषयीही थोडं. भंडारा जिल्ह्यात साधारण दर आठ माणसांत एक बौद्ध आहे. 1954 च्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातूनच उभे होते, आणि दोन वर्षांनी नागपुरात धम्मदीक्षा झाली. ज्या घरांनी धर्माचा विचार वाचून, तपासून, किंमत मोजून केला आहे, त्यांना अंधारात चाचपडणारे समजून पत्रक देणं हा उद्धटपणा आहे. त्यांच्याकडून वाचनाची शिस्त शिकता येईल. कोहळी, कुणबी, तेली, पोवार, गोंड, हलबा या सगळ्यांच्या घरी आपापली देवपूजा आहे, त्यातलं कशालाही नाव ठेवू नये. हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये त्यांचे कागद छापले गेले त्यात गोंडांची गाणी आणि भाषेच्या नोंदी आहेत. मिशनरी असून त्यांनी आधी ऐकून घेतलं होतं. आपण तर इथलेच, आपल्याला ऐकायला किती सोपं.

कायद्याचं थोडक्यात. संविधानाच्या कलम 25 नुसार आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रचार करायचा अधिकार प्रत्येकाला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या अधीन राहून. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत आणि ते बदलत असतात. बालाघाटकडे गेलात की मध्य प्रदेशचा 2021 चा कायदा लागतो. म्हणून भंडाऱ्यातला एखादा वकील मंडळीच्या ओळखीचा हवा. बाप्तिस्मा मागणारा अनुसूचित जातीतला असेल तर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीच्या सवलती राहत नाहीत, हे त्याला आधीच, मुलांच्या शिक्षणाचा हिशेब मांडून सांगा. अनुसूचित जमातीला आज धर्माची ही अट नाही. ही माहिती दडवून दिलेला बाप्तिस्मा म्हणजे फसवणूक. कर्णा लावायचा तर परवानगी घ्या, आणि रात्री दहा ते सकाळी सहा बंद. खरं म्हणजे वीस घरांच्या मंडळीला कर्ण्याची गरजच काय?

पैशाचंही लहानच प्रकरण आहे. मार्कच्या पंचवीस प्रती, महिन्याकाठी चार-पाच वेळा गाडीचं पेट्रोल, आणि अडलेल्या रुग्णासाठी थोडी रक्कम बाजूला. एवढं दानार्पणातून निघतं. हिशेब दर महिन्याला चर्चच्या दारावर लावा. परदेशातून कुणी मदत पाठवतो म्हणाला, तर विदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी नसेल तर नम्रपणे नको म्हणा. ओळखीतल्या कुणाच्या खात्यावर मागवणं तर अजिबात नको. त्या एका व्यवहारानं दहा वर्षांची शेजाऱ्यांमधली पत जाते.

आता तारखा, कारण तारीख न ठरलेलं काम होत नाही. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे. वाचन 3 जानेवारीला सुरू करा. 14 मार्चपर्यंत अकरा रविवार मिळतात. त्यांत पहिले दहा अध्याय वाचा. सहावा अध्याय छपन्न वचनांचा आहे, त्याला दोन रविवार द्या. 21 मार्चला झावळ्यांचा रविवार, त्या दिवशी अकरावा अध्याय आपोआपच येतो, येशूच्या यरुशलेम-प्रवेशाचा. बारावा आणि तेरावा पवित्र सप्ताहातल्या सोमवारी आणि मंगळवारी, चौदावा गुरुवारी प्रभुभोजनाच्या उपासनेत, पंधरावा उत्तम शुक्रवारी, आणि सोळावा ईस्टरच्या पहाटे. प्रतींची मागणी नाताळाच्या आधी, धान विकून हातात पैसा आला की लगेच नोंदवा, आणि पहिल्या दोन रविवारी कुणाच्या घरी बसायचं ते नाताळाच्या उपासनेनंतर तिथेच ठरवून घ्या.